ओमुरझाक आकेंचं अर्धं ऐकलेलं गाणं

आमच्या तेरेक-सू गावात कुणाला काही सांगायचं असलं तर तो तोंडाने सांगतो. ओमुरझाक आके (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही मानाने आके म्हणतो) गाऊन सांगतात. यात कौतुक करण्यासारखं काही नाही, ही त्यांची खोड आहे. एरवी माणूस इतका गप्प की मुका वाटावा. माझ्या दुकानात येतील, टोपी काढतील, काउंटरवर बोटं वाजवत उभे राहतील, आणि मीच ओळखायचं की यांना रिचार्ज हवाय की झेरॉक्स. लोखंडी चुली आणि फाटकं वेल्डिंग करून द्यायचा त्यांचा धंदा. तिथे ठिणग्यांशी काय बोलणार म्हणा! पण मांडीवर कोमुझ आलं, ते आमचं तीन तारांचं वाद्य, की या माणसाला वाचा फुटते.

शेजारच्या बेकतूरने एकदा त्यांची शिडी नेली ती परत देण्याचं नाव घेईना. आके वर्षभर चकार शब्द बोलले नाहीत. मग बेकतूरच्याच मुलीच्या लग्नात गायला बसले. नवरानवरीला आशीर्वाद दिले, व्याह्यांच्या मेंढरांची विचारपूस केली, विहिणीच्या हातच्या पाव-लोण्याची तारीफ केली, आणि शेवटच्या कडव्यात शिडी मागितली. मांडवभर लोक हसून लोळले. शिडी संध्याकाळच्या आत घरी.

शेवटच्या कडव्यात, हे ध्यानात ठेवा. आमच्याकडे तशीच रीत आहे. पाहुणा आला की आधी चहा. मग हिवाळा कसा गेला, गुरं किती व्याली, आईचे गुडघे काय म्हणतात. हे सगळं झाल्यावर पाहुणा घसा खाकरतो आणि कशाला आला ते सांगतो. आल्या आल्या मुद्द्यावर येतो तो एक तर पोलीस, नाहीतर वाईट बातमी आणणारा.

आता एर्मेकचं सांगते. आकेंचा हा एकुलता एक मुलगा. बापासारखाच घुमा, पण याला गाणंही येत नाही, म्हणजे सगळं पोटातच. त्याचा एक घोडा होता, तोरू. शिंगरू असताना त्याची आई मेली, तेव्हा एर्मेकने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. पोरगा शाळेला निघाला की घोडा फाटकापर्यंत पोचवायला यायचा. मी स्वतः पाहिलंय, कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

पुढे एर्मेक राजधानीत, बिश्केकला कामाला गेला. त्या हिवाळ्यात आकेंच्या वडिलांचं वर्षश्राद्ध आलं. वर्षश्राद्धाला घोडा कापून गावाला जेवू घालावं लागतं. गाय कापली तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पाठीमागे पिढ्यान्‌पिढ्या बोलतात. आकेंकडे कापण्याजोगा घोडा एकच होता. विकत आणावा तर हात आखडलेला, उसना मागावा तर जीभ उचलत नाही. त्यांनी तोरू कापला.

एर्मेक बिश्केकहून थेट जेवणाच्या पंगतीतच पोचला. सतरंजीवर बसला, आजोबांसाठी ओंजळ धरून दुवा मागितली, समोर आलेलं खाल्लं. मग हात धुवायला बाहेर गेला आणि फाटकाजवळच्या खांबाला नुसता लगाम लटकलेला दिसला.

तो आत आला नाही. ओरडला नाही, भांडला नाही. तसाच गेला, फाटक सताड उघडं टाकून. पुढे कळलं की रशियात येकातेरिनबुर्गला टॅक्सी चालवतो. नंबर बदलला. नातेवाइकांच्या, गावच्या, शाळेच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडला. त्याची आई, कनिशाय एजे (एजे म्हणजे ताई, मोठ्या बाईला मारायची हाक), रोज माझ्या दुकानात येऊन जुन्या नंबरवर फोन लावून बघायची. "लागत नाही गं," म्हणायची, जसं काही आज पहिल्यांदाच लागत नाहीये.

आणि आके? त्यांना चूक कळली नव्हती असं नाही. पण रीत त्यांच्या बाजूला होती ना! अख्खं गाव म्हणत होतं, बरोबरच केलंस, बापाचा मान राखलास. लोक शाबासकी देत असताना माफी कुणाची मागायची आणि कशी? बसले गप्प. मला इतका राग यायचा, वाटायचं, चुलीचा एखादा पत्रा घ्यावा आणि यांच्या डोक्यात घालावा.

मग माझा दीर सामात रशियाहून सुटीवर आला. त्याने सांगितलं की येकातेरिनबुर्गला तो एका टॅक्सीत बसला आणि चालवणारा एर्मेक निघाला. सामातने ओळख दिली. एर्मेकने मान हलवली, बस्स. गावाचं काही विचारलं नाही, नंबर दिला नाही, उतरताना भाडंही घेतलं नाही.

"मग गाडीत केलंत काय तुम्ही दोघांनी?" मी चिडून विचारलं.

"गाणी ऐकली, वहिनी. तो 'लांबचा रस्ता' नावाची प्लेलिस्ट लावतो. तिकडचे आपले सगळे ड्रायव्हर तीच लावतात. मी म्हटलं, दुसरं काहीतरी लाव की, तर म्हणाला, दिवसभर हीच असते. तेवढंच काय ते बोलला."

हे ऐकायला आके दुकानातच होते. बोटं वाजवायची थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शटर वर करतेय तोच, कोमुझ काखोटीला मारून दारात हजर.

"जिपारा, त्या यादीत गाणं कसं जातं गं?"

एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आता मला तरी काय ठाऊक! मी झेरॉक्सवाली बाई. पण म्हटलं, बघते. चौकशी केली, वाचलं, व्हिडिओ पाहिले, डोकं भणभणलं. झालं असं की ॲपवर गाणं आपलं आपण चढवता येत नाही. मध्ये एक कंपनी लागते, ती आपलं गाणं घेते आणि सगळ्या ॲपवर पोचवते. ॲपच्या स्वतःच्या काही प्लेलिस्ट असतात, त्या पगारी माणसं करतात. त्यांना गाणं बाहेर पडायच्या आधी कळवायचं, चार ओळींत ओळख करून द्यायची, आणि देवाचं नाव घ्यायचं. बाकीच्या प्लेलिस्ट तुमच्याआमच्यासारखी माणसं करतात. त्यांना शोधून काढायचं, नीट बोलायचं, आधी त्यांची यादी खरोखर ऐकायची. पैसे घेऊन हजारो वेळा गाणं वाजवून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. ती खोटी ऐकणी असतात आणि पकडली की गाणं काढून टाकतात. हे सगळं मी आकेंना आणि कनिशाय एजेंना बसवून समजावलं. दोघांनी मान डोलावली.

'लांबचा रस्ता' करणारा माणूस सापडला. मेलिस नाव, ओशकडचा, स्वतः ट्रक चालवतो. मी त्याला सगळी हकिगत सांगितली. तो आवाजी संदेशात म्हणाला, "एजे, ॲपवर नसलेलं गाणं मला यादीत घालताच येत नाही. आधी ते चढवा. चार माणसांनी ऐकून जपून ठेवू दे, मग शुक्रवारी मी यादी बदलतो तेव्हा घालीन. आणि काकांना सांगा, लांबण लावू नका. सिग्नलला हिरवा लागेपर्यंत गाणं आवडलं नाही तर आमची पोरं पुढचं लावतात."

रेकॉर्डिंग आकेंच्या घरी केलं, भिंतीवर लोकरीचे जाजम असलेल्या खोलीत, कारण तिथे आवाज घुमत नाही. कोंबड्यांना सामातने कोंडून ठेवलं. आके बसले, गायले. थंडी कशी आहे तुझ्याकडे, इकडे ओढा अजून गोठलेला आहे. ठिपक्यांची गाय व्याली. आईचे गुडघे दुखतात, पण तोंड चालू आहे. मग सूर चढला. बापाला पाठ दाखवलीस. फाटक उघडं टाकलंस, त्यातून वारा आत आला तो अजून घरात आहे. असा कुणाचा मुलगा जातो का? आणि सर्वांत शेवटी, आवाज खाली आणून: तोरूला मी कापला. लोकांच्या तोंडाला भ्यालो. तुला विचारलं नाही, आणि तुझ्याच ताटात वाढलं. एर्मेक, चूक माझी, ये.

कनिशाय एजेंनी ओढणी तोंडात कोंबली होती. मी मात्र कोरडी राहिले, कारण माझ्या डोक्यात ॲपचे तीस सेकंद होते.

"आके, गाणं चांगलंय. पण तीस सेकंद ऐकलं तरच ते ॲप ऐकलं म्हणून धरतं. मुद्दा सुरुवातीला आणा."

"तीस सेकंदांत तर माझी तार लागते."

"मग लावून या की तार! सुरुवातच करा, एर्मेक, चूक माझी. मग सांगा गाईचं."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं काही मी दिवाणखान्यात थुंकले.

"एकदम? पोराला जेवलास का म्हणून विचारायच्या आत?"

"अहो, तो टॅक्सीत असेल! तिथे कुठला चहा आणि कुठली सतरंजी!"

"म्हणून तर," आके म्हणाले. "तिथे त्याला कुणी विचारत नसेल."

मी हात टेकले. निदान सुरुवातीचं तारांचं वाजवणं कापून टाकलं, तेही त्यांच्या नकळत.

मग ते कंपनीचं पान भरायला बसलो. गाण्याचं नाव: 'तोरू'. चित्र हवं म्हणाले, तर आकेंनी फाटकाजवळच्या खांबाचा फोटो काढायला लावला. लगाम अजून तिथेच होता, कुणी काढलाच नव्हता. पुढे विचारलं होतं, गाण्याचा भाव कोणता. खाली निवडायला दिलेलं होतं: आनंदी, उत्साही, प्रेम, शांत, पार्टी, विरह. मी वाचून दाखवलं.

"लाज आहे का त्यात?" आकेंनी विचारलं.

वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं. लाज नव्हती. 'शांत' टाकलं.

ॲपच्या पगारी माणसांकडून उत्तर आलं नाही, ते येणारही नव्हतं. पण मेलिस शब्दाचा पक्का निघाला. गाणं चढलं, तिकडच्या चार ड्रायव्हरांनी ऐकलं, जपून ठेवलं, आणि एका शुक्रवारी दुपारी माझा फोन वाजला. 'लांबचा रस्ता'मध्ये, दोन तरण्या पोरांच्या मधोमध, लगामाचं चित्र! मी दुकान उघडं टाकून पळत गेले. आके फाटकाला डाग देत होते. तोंडावरची काच वर करून त्यांनी फोनकडे पाहिलं आणि पुन्हा काच खाली घेतली. रडायचं असेल, नाहीतर कामाची घाई असेल, त्या काचेमागचं मला काय कळणार.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. इथेच थांबायला हवं होतं. पण आमच्या गावाला थांबता येत नाही, आणि याचं कारण आहे अशार.

अशार म्हणजे एकाचं काम सगळ्यांनी मिळून उरकणं. घर बांधायचंय? हाळी द्या. गाव येतं, विटा पाडतं, भिंती चढवतं. घरच्यांनी फक्त जेवू घालायचं. बटाटे काढायचे, अशार. गोठ्याचं छप्पर उडालं, अशार. माझं दुकान अशारनेच उभं राहिलं, त्यामुळे मला नावं ठेवायला तोंड नाही. रविवारी मी नारीन शहरात कागदाची रिमं आणायला गेले होते. तेवढ्यात कनिशाय एजे घरोघर फिरल्या. "आमच्याकडे अशार आहे. फोन चार्ज करून आणा."

मी परतले ती भाड्याच्या गाडीतून उतरतानाच ऐकू आलं. आकेंचं गाणं. पण एकदा नाही. कुणाची गाय व्यायलेली, कुणाचा ओढा गोठलेला, कुणाचं फाटक अजून उघडं, असा सगळा कालवा. आत जाऊन बघते तर अंगणभर सतरंज्या, त्यांवर अख्खं गाव, मध्ये बोरसोकांचे, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचे ढीग, चहाचा समोवार उकळतोय, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात फोन. म्हाताऱ्यांनी तर एकेकीने दोन-दोन आणलेले. शाळेतल्या पोरींनी सकाळपासून बसून सगळ्यांना ॲपवर नवी खाती काढून दिली होती. आणि वायफाय कुणाचं? माझ्याच दुकानाचं! सामातने पासवर्ड सगळ्यांना वाटून टाकला होता, साखर वाटावी तसा.

"काय चाललंय हे?" मी किंचाळले.

"वर चढवतोय गं," बेकतूर म्हणाला. तोच, शिडीवाला. "जितकं जास्त ऐकू तितकं वर जाईल. शिडीची भरपाई करतोय मी."

"बंद करा! सगळे बंद करा! खोटी ऐकणी धरतील!"

"खोटी कशी?" कनिशाय एजे किटली तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला होता, मला बघवेना. "बसून ऐकतोय की आम्ही. ती सालिमा बघ, सकाळपासून शेवटच्या कडव्याला दर वेळी रडतेय. तिचे डोळे बघ. हे खोटं आहे?"

सालिमा आजींनी सुजलेले डोळे माझ्याकडे वळवले आणि नाक शिंकरलं. खरंच खोटं नव्हतं. त्या गाण्याला इतक्या मनापासून कुणी कधी ऐकणार नव्हतं. पण एकाच गावातून, एकाच वायफायवरून, सकाळी काढलेली खाती, तेच गाणं पुन्हा पुन्हा. त्या मशिनीला नाक शिंकरल्याचं थोडंच कळतं!

मी राउटर काढून टाकला. उशीर झाला होता. त्याच आठवड्यात गाणं करडं पडलं. नाव दिसतं, चित्र दिसतं, दाबलं तर वाजत नाही. दोन दिवसांनी तेही दिसेनासं झालं.

कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, आणि तेव्हाच मी ओळखलं की हे माणसाने लिहिलेलं नाही. आपल्या गाण्यावर कृत्रिम ऐकणी आढळली आहेत, गाणं काढण्यात आलं आहे, आपल्याला दिवस आनंदाचा जावो. मी पुन्हा लिहिलं. आमच्याकडे अशार असतो म्हणून लिहिलं. सतरंज्यांवर बसलेल्या गावाचा फोटो जोडला, सालिमा आजींचा रडका चेहरा जोडला. तेच उत्तर. दिवस आनंदाचा जावो. फोन नंबर शोधला, नाही. माणसाचं नाव शोधलं, नाही. दुसऱ्या कंपनीकडून चढवायला गेले तर तिने आवाज ओळखला: हे गाणं आधी काढलेलं आहे. अहो, भांडायला तरी कुणीतरी समोर हवं ना! मी आयुष्यभर भांडून कामं करून घेतली. वीजवाल्याशी भांडले, सरपंचाशी भांडले, नवऱ्याशी तर रोजच. इथे मी भिंतीवर डोकं आपटत होते आणि भिंत मला शुभेच्छा देत होती.

कनिशाय एजे दुकानात यायच्या बंद झाल्या. मीच गेले. चुलीजवळ बसल्या होत्या, समोर पिठाची परात, हात कोरडे.

"मीच घालवलं," म्हणाल्या. "त्याच्या बापाने त्याला तोडला आणि मी गाणं तोडलं."

"एजे, असं काय बोलता."

"मग काय बोलू? तू सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं. पण मला वाटलं, ते खोट्यांसाठी आहे. आपल्यासाठी नाही."

आके त्यांना एका शब्दाने बोलले नाहीत. कोमुझ खुंटीवरून काढून एजेंच्या शेजारी बसले आणि नुसत्या तारा छेडत राहिले, शब्द नाहीत. पण एजेंना ते कळलं असावं. त्यांनी परातीत पाणी ओतलं.

मी आशा सोडली नव्हती. म्हटलं, शुक्रवारपासून करडं पडेपर्यंत, दोन-तीन दिवस तरी गाणं यादीत होतं. ऐकलं असेल पोराने. एकदा तरी पूर्ण वाजलं असेल. आके रोज येऊन काउंटरवर बोटं वाजवायचे, आणि मी न विचारता सांगायचे, "अजून काही नाही, आके."

मग मेलिसचा संदेश आला. त्याच्या प्लेलिस्टचा एक चॅनल आहे, तिथे ड्रायव्हर काहीबाही लिहितात, तो ट्रकवर असतो म्हणून उशिरा बघतो. "एजे, हे वाचा," म्हणाला, "आणि काकांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

लिहिणाऱ्याने आपलं नाव ठेवलं होतं, तोरू.

मी वाचलं आणि खुर्ची ओढून बसले. सांगू की नको, असा विचारही करायला वेळ मिळाला नाही, कारण आके दारात उभे होते, टोपी हातात. माझं तोंड बघून त्यांना कळलं.

"वाच," म्हणाले.

मी वाचलं. जसं होतं तसं. लगामाच्या चित्राचं ते गाणं आता दिसत नाही. मी अर्धं ऐकलं होतं, फाटकापर्यंत. गिऱ्हाईक चढलं म्हणून थांबवलं. उरलेलं आज ऐकू म्हणून गाडी बाजूला घेतली तर गाणंच नाही. काढून घेतलं वाटतं. घेणारच. तो असाच आहे.



फाटकापर्यंत. म्हणजे गाय व्याली, आईचे गुडघे, बापाला पाठ दाखवलीस, असा कुणाचा मुलगा जातो का. तिथे गिऱ्हाईक चढलं. आणि पोराने पुढचं ऐकायला गाडी बाजूला घेतली होती हो! गाडी बाजूला घेतली होती.

मी लगेच मेलिसला फोन लावला. "अरे, त्याला लिही! बापाने नाही काढलं म्हणावं, मशिनीने काढलं! गाणं तसंच पाठव त्याला!"

"लिहिलं, एजे. त्या दिवशीच लिहिलं असतं तर बरं, पण मी सैबेरियात होतो. आता खातं पुसलेलं आहे. जात नाही काही. चॅनलवर टाकलंय सगळं, पण तो आत आहे की नाही, मला दिसत नाही. टॅक्सी अड्ड्यावर पण विचारलं, एर्मेक नावाचा तिथे सध्या कुणी नाही म्हणाले. काय करू, तुम्हीच सांगा."

तो बिचारा तिकडे हतबल, मी इकडे.

आके ऐकत होते. "काढून घेतलं वाटतं," ते हळूच म्हणाले, पाठ केल्यासारखं. मग टोपी घातली आणि निघून गेले.

मला वाटलं, संपलं. आता हा माणूस गाणारही नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी कनिशाय एजेंनी बोलावणं पाठवलं. गेले. जाजमाच्या खोलीत आके बसलेले, कोमुझ मांडीवर. तार आधीच लावलेली.

"रेकॉर्ड कर," म्हणाले.

मी बटण दाबलं. त्यांनी तारांचं काही वाजवलं नाही, घसा खाकरला नाही. पहिलाच शब्द, एर्मेक, चूक माझी. तोरूला मी कापला, लोकांच्या तोंडाला भ्यालो. मग ये म्हणाले. आणि त्यानंतर, अगदी शेवटी, जेवलास का म्हणून विचारलं. गाय, ओढा, गुडघे काही नाही. एवढंसं गाणं, सिग्नलला उभं असताना संपेल असं.

एजे दारात चहाचा ट्रे घेऊन थांबल्या होत्या. आधी चहा ठेवायचा असतो, पण आज कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. उभ्याच राहिल्या.

मी डोळे पुसले. म्हटलं, "आके, हे नवं आहे, याला कुणी अडवणार नाही. एजेंच्या नावाने चढवते. मेलिस घालील यादीत. फक्त..." फक्त ऐकणार कोण, हे कसं विचारायचं?

त्यांनी कोमुझ बाजूला ठेवलं.

"नको पाठवूस," म्हणाले. "पुन्हा काही झालं तर त्याला वाटेल, बापाने दुसऱ्यांदा काढून घेतलं. तुझ्याकडेच ठेव. तो कधी घरी आला तर चहाच्या आधी लाव."

मी ठेवलंय. फोन बदलला तेव्हा सगळ्यात आधी तेच नव्यात घेतलं.